जाड रेघ, भरपूर काळा आणि मोजके रंग: अमेरिकन ट्रॅडिशनल टॅटू असा का दिसतो

तुम्ही मर्चंट नेव्हीत आहात, पहिलं काँट्रॅक्ट संपवून रत्नागिरीला घरी आला आहात आणि दंडावर अमेरिकन ट्रॅडिशनल पद्धतीची स्वॉलो काढून घ्यायची आहे. मित्र म्हणतात की हे चित्र लहान मुलांच्या रंगवायच्या वहीतलं वाटतं, एवढी जाड रेघ कशाला, हाच पक्षी बारीक रेघेत नाजूक करून घे. म्हणून तुम्ही विचारलंत की ही शैली आली कुठून, ती अशी ठसठशीत का, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ती शोभेल का.

मी पुण्यात एकोणीस वर्षं टॅटू काढते आहे. पहिली काही वर्षं माझंही मत तुमच्या मित्रांसारखंच होतं. तेव्हा एका मुलीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मी तीन सुयांच्या लायनरने, म्हणजे रेघ ओढायच्या बारीक जुडग्याने, बोटाच्या पेराएवढी भिंगरी काढली होती. (स्वॉलो म्हणजे आपली भिंगरी. थंडीत आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीने बसलेली दिसते ती दुभंगलेल्या शेपटीची.) पंखातलं पीसन्‌पीस दाखवलं होतं. फोटो सुरेख आला. सात वर्षांनी ती मुलगी दुसऱ्या कामासाठी आली, तेव्हा सगळी पिसं एकमेकांत मिसळून गेली होती. राखाडी डाग आणि त्याला दोन टोकांची शेपटी, एवढंच उरलं होतं. चूक पूर्णपणे माझी होती. इंक किंवा मशीन नव्हे, चित्रच चुकलं होतं. त्यानंतर मी जुन्या अमेरिकन डिझाइनचे तक्ते समोर घेऊन बसले आणि त्यातली एकेक रेघ तिथे का आहे हे शोधू लागले. तेव्हा कळलं की या शैलीत नुसत्या हौसेने आलेलं फार थोडं आहे. बाकी सगळं कामाने शिकवलेलं आहे.

सुरुवात समुद्रावरच होते. कॅप्टन जेम्स कुकचं जहाज १७६९ मध्ये ताहितीला पोचलं. तिथल्या ‘ताताउ’ या शब्दावरून इंग्रजीत टॅटू हा शब्द आला. पण त्याच्या आधी युरोपात गोंदण नव्हतंच, असं समजू नका. जेरुसलेमला जाणारे ख्रिस्ती यात्रेकरू हातावर क्रूस गोंदवून परतत आणि खलाशांमध्येही ही चाल होती. कुकच्या सफरींनी तिला नाव दिलं आणि जोर दिला.

अमेरिकन खलाशांच्या गोंदणाचा मोठा लेखी पुरावा सापडतो तो एका सरकारी कागदात. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती आणि ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकन जहाजं अडवून त्यांवरच्या माणसांना ‘हे आमचेच’ म्हणत जबरदस्तीने नेत असे. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेने १७९६ मध्ये कायदा करून खलाशांना ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. फोटो तेव्हा नव्हते, त्यामुळे त्या कागदावर उंची, केसांचा रंग, व्रण आणि अंगावरचं गोंदण लिहीत. आपल्या फॉर्मांत ‘ओळखीची खूण’ हा रकाना असतो, तसंच. त्या नोंदींत नावाची आद्याक्षरं, नांगर, क्रूस आणि हृदयं पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे आज तुम्ही स्टुडिओच्या भिंतीवर पाहता त्यातली काही चित्रं सव्वादोनशे वर्षांपूर्वीच खलाशांच्या हातांवर होती. तेव्हा ती सुया जुळवून हाताने टोचली जात आणि बहुधा जहाजावरचाच कोणी सोबती ती टोचत असे.

याचा धंदा व्हायला यादवी युद्ध यावं लागलं. मार्टिन हिल्डेब्रांट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८६१ ते १८६५ च्या त्या युद्धात सैनिकांना गोंदवलं आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक टॅटूवाल्यांत त्याचं नाव घेतात. मग आला सॅम्युअल ओरायली. एडिसनने १८७६ मध्ये कागदाला बारीक भोकं पाडणाऱ्या विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं होतं. लिहिलेल्याच्या प्रती काढायला ते वापरायचं. ओरायलीने तेच तत्त्व धरून ८ डिसेंबर १८९१ रोजी टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. त्याच्या हाताखालून आलेल्या चार्ली वॅग्नरने १९०४ मध्ये स्वतःचं पेटंट घेतलं. पुढे रूढ झालेलं कॉइल मशीन दाराच्या विजेच्या घंटीसारखंच चालतं. कॉइलमधून वीज गेली की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, त्याने सर्किट तुटतं, स्प्रिंग पट्टीला वर फेकते, सर्किट पुन्हा जुळतं. घंटीत त्या पट्टीला टोला असतो, इथे सुया. मी अजून बहुतेक आउटलाइन कॉइलनेच करते. मोटरवर चालणारं रोटरी मशीन हलकं आणि शांत असतं, पण जाड रेघ एकाच ओढीत भरायची असेल तर कॉइलचा ठोका मला हवासा वाटतो.

ओरायली आणि वॅग्नर यांची दुकानं न्यूयॉर्कच्या बाउरी भागात, चॅटम स्क्वेअरला होती. बाउरी म्हणजे दारूचे गुत्ते, स्वस्त खोल्या, न्हाव्याची दुकानं आणि बोटीवरून उतरलेली माणसं. अशा गिऱ्हाइकाकडे वेळ किती? खिशात पगार असतो आणि उद्या बोट सुटणार असते. तो दोन-तीन बैठका घेऊ शकत नाही, स्वतःचं चित्र काढून आणत नाही. तो भिंतीकडे बघून बोट दाखवतो आणि तासाभरात बाहेर पडतो. त्या भिंतीवर लावलेल्या रंगीत डिझाइनच्या तक्त्यांना फ्लॅश म्हणतात. लू अल्बर्ट्स नावाचा एक वॉलपेपर डिझायनर या धंद्यात आला आणि त्याने नीटनेटके फ्लॅश काढून ते इतर दुकानदारांना विकले. त्यामुळे एकाच वळणाची चित्रं गावोगाव पोचली.

आता दिसण्याकडे येते, कारण इथे खरा जीव आहे.

त्या काळी स्टेन्सिल, म्हणजे चित्र कातडीवर उतरवायचा साचा, असा करत. सेल्युलॉइडच्या, पुढे ॲसिटेटच्या पारदर्शक पत्र्यावर चित्राची रेघ टोकदार सुईने कोरायची. खाचेत कोळशाची पूड भरायची. कातडीवरची लव काढून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा आणि पत्रा उलटा दाबायचा. पूड कातडीवर उतरते आणि चित्र उमटते. रांगोळीच्या छाप्याची आठवण येईल, फरक इतकाच की इथे पूड छिद्रातून न पडता खाचेतून निघते. मी हे हौसेने करून पाहिलं आहे. दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. एक म्हणजे पत्र्यावर फार बारीक नक्षी कोरताच येत नाही, जवळजवळच्या दोन खाचा एकमेकींत फुटतात. दुसरी म्हणजे तळहात लागला की पूड पुसली जाते. त्यामुळे खालून वर काम करत, चित्र हातचं जाण्याआधी सगळी आउटलाइन आधी पक्की करून टाकावी लागते आणि मग सावकाश आत भरता येतं. अमेरिकन ट्रॅडिशनलमध्ये चित्र पूर्णपणे रेघेवर उभं असतं त्याचं मोठं कारण हे आहे. रंग काढून टाकला तरी नुसत्या आउटलाइनवरून गुलाब की गरुड हे कळलंच पाहिजे. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. ते म्हणायचे, पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता आली तरच ती पाटी. या चित्रांची परीक्षा मी त्याच मापाने करते.

आउटलाइननंतर काळा, आणि काळा इथे कंजुषीने वापरत नाहीत. चित्राचा साधारण एक तृतीयांश भाग काळा, एक तृतीयांश रंग आणि एक तृतीयांश मोकळी कातडी असा आमच्यात ठोकताळा आहे. काळ्याची सुरुवात रेघेला चिकटून गडद होते आणि आत येता येता विरळ होत जाते. सुई कातडीतून झटक्याने उचलत बाहेर काढली की शेवटाकडे ठिपके दूर दूर पडतात, त्याला व्हिप शेडिंग म्हणतात. मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं ते. काळा नेहमी आकाराच्या एकाच बाजूला, म्हणजे पाकळीच्या मुळाशी, पंखाच्या खाली. त्याने सपाट चित्राला फुगीरपणा येतो आणि शेजारचा रंग उजळतो. मोकळी सोडलेली कातडी म्हणजे काम अर्धवट राहिलं असं अनेकांना वाटतं. तसं नाही, ती तिथे उजेडाचं काम करते.

रंग मोजके होते, कारण कातडीत टिकतील असे आणि बाजारात मिळतील असे रंगच मोजके होते. लाल, हिरवा, पिवळा, पुढे तपकिरी, निळा. जुना लाल बहुधा हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाचा असे आणि काहींच्या अंगावर तेवढाच भाग खाजून सुजून येई. जुन्या पिवळ्यात कॅडमियम असे आणि तो उन्हात फुगायचा. आजची इंक वेगळी आहे, तरी लाल रंगाची ॲलर्जी अजूनही दिसते. म्हणून गिऱ्हाइकाला आधी अंगावर कधी काय उठलं होतं ते मी विचारून घेते.

आणि रेघ जाड का, याचं शेवटचं उत्तर आपलं शरीरच देतं. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. शरीराला ती परकी वाटते. भक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि ते पोटात घेऊन तिथेच बसतात. पेशी मेली की कण सुटतात आणि दुसरी पेशी ते उचलते. या देवघेवीत वर्षानुवर्षं कण किंचित इकडेतिकडे सरकतात आणि रेघ रुंदावते. दोन मिलिमीटरची रेघ तीनची झाली तरी रेघच राहते. पण अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावरच्या दोन रेघा रुंदावल्या की त्यांची एक होते, आणि त्या मुलीच्या मनगटावर तेच झालं. काळी शाई म्हणजे कार्बन, तो उन्हाने सहसा उडत नाही. फिकट रंग उडतात. आपल्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन साठ वर्षांनीही ओळखू येतं ते याचमुळे. तेही काजळीचंच असतं आणि मुळात काळं असतं. कातडीच्या आतून प्रकाश विखरून येतो, म्हणून ते हिरवट-निळं दिसतं. गोंदणाऱ्या बायकांनीही ठिपका मोठा आणि अंतर मोकळं ठेवलं होतं. अमेरिकेशी काहीही संबंध नसताना त्या त्याच निष्कर्षाला पोचल्या होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

या शैलीला बांधीव रूप आलं ते आरमारी बंदरांत. ऑगस्ट कोलमन, ज्याला सगळे कॅप कोलमन म्हणत, १९१८ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे आला. नॉरफोक म्हणजे आरमाराचं मोठं ठाणं, गिऱ्हाइकांना तोटा नाही. त्याच्या चित्रांतला काळा इतका धीट आहे की आजही तो तक्ता दुरून ओळखू येतो. न्यूपोर्ट न्यूज या शहरातल्या मरिनर्स म्युझियमने १९३६ मध्येच त्याचे फ्लॅश विकत घेऊन ठेवले. टॅटूला कोणी कला म्हणत नव्हतं त्या काळात एका संग्रहालयाला हे सुचलं, त्याबद्दल मला त्या लोकांचे आभार मानावेसे वाटतात. कोलमनबरोबर काही वर्षं पॉल रॉजर्सने काम केलं. कापडगिरणीत वाढलेला हा माणूस पुढे इतकी उत्तम मशीनं बांधू लागला की जुने कारागीर त्याची मशीनं अजून जपून ठेवतात.

आरमाराने या चित्रांवर एक गमतीशीर परिणामही केला. १९०९ मध्ये असा आदेश निघाला की अश्लील गोंदण असलेल्या उमेदवाराला भरती करून घेऊ नये, मात्र चित्र बदलून घ्यायची संधी त्याला द्यावी. मग भरतीला निघालेली पोरं दुकानात येऊन दंडावरच्या उघड्या बाईला कपडे चढवून घेऊ लागली. (तुमच्या ओळखीत कोणी आपल्या सैन्यभरतीची तयारी करत असेल तर त्याला सांगा, टॅटूचे नियम तिथेही कडक आहेत. आधी जाहिरात वाच, मग माझ्याकडे ये.)

चित्रांचे अर्थ तुम्ही विचारले नाहीत, पण बोटीवरच्या माणसाला ते ठाऊक असावेत. स्वॉलो म्हणजे पाच हजार सागरी मैल पार केले, अशी रूढ समजूत आहे. दोन असतील तर दहा हजार. शिवाय हा पक्षी दरवर्षी घरट्याकडे परततो, म्हणून तो घरी सुखरूप येण्याचीही खूण. पूर्ण शिडं उभारलेलं जहाज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घातला, कासव म्हणजे विषुववृत्त ओलांडलं. एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा काढला की माणूस बुडत नाही, असं म्हणत. बोटांवरची ‘होल्ड फास्ट’ (घट्ट धर) ही आठ इंग्रजी अक्षरं दोर हातातून सुटू नये म्हणून, अंगठे सोडून उरलेल्या आठ बोटांवर बरोबर बसणारी. हृदयावर आईच्या नावाची पट्टी, सुरा खुपसलेलं हृदय, गुलाब, गरुड, हुला नाचणारी मुलगी, हे सगळं घरापासून महिनोन्‌महिने लांब असलेल्या विशी-बाविशीतल्या मुलांच्या मनातलं आहे. तुम्हाला ते मी काय समजावणार.

एक नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मॉड वॅग्नर, १८७७ ते १९६१. सर्कशीत झोपाळ्यावर कसरती करणारी ही बाई १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात गस वॅग्नर या गोंदणाऱ्याला भेटली. त्याच्याबरोबर फिरायला जायची अट तिने घातली ती अशी की आधी गोंदायला शिकव. नंतर त्यांनी लग्न केलं. मशीन बाजारात येऊनही दोघं हातानेच टोचत राहिली. अमेरिकेतली नोंद असलेली ती पहिली स्त्री टॅटू कलाकार. माझ्या टेबलासमोर फोटो लावला आहे तो तिचा.

सगळ्यात गाजलेलं नाव मात्र सेलर जेरीचं, म्हणजे नॉर्मन कॉलिन्सचं. जन्म १९११, नेवाडातल्या रेनो इथे. एकोणिसाव्या वर्षी तो आरमारात गेला आणि पुढे होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीट भागात त्याने बस्तान बसवलं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिककडे निघालेले सैनिक आणि खलाशी याच रस्त्यावरून गेले. कॉलिन्सचं मोठेपण केवळ चित्रांत नाही. सुया आणि अवजारं निर्जंतुक करण्याबद्दल तो काळाच्या पुढे होता, टिकाऊ जांभळ्या रंगासाठी त्याने खटपट केली, आणि जपानमधल्या होरिहिदे या गुरूशी त्याचा पत्रव्यवहार होता. जपानी टॅटू म्हणजे पाठभर एकच रचना, मागे वारा आणि लाटा. अमेरिकन पद्धत म्हणजे सुटी सुटी चित्रं, एकेक प्रसंगाची. कॉलिन्सने जपानी रचनेचा डौल घेतला पण रेघ अमेरिकनच ठेवली. त्याचा ड्रॅगन आणि त्याच्या आधीच्या पिढीचा ड्रॅगन शेजारी ठेवून बघा, दुसऱ्याचा कागदावर चिकटवल्यासारखा आणि याचा हाताच्या स्नायूवर वळलेला दिसेल. १९७३ मध्ये तो गेला. दुकान एड हार्डी, माइक मलोन किंवा झीक ओवेन या तिघा टॅटू कलाकारांपैकी कोणी घेतलं तर ठीक, नाहीतर सगळं जाळून टाका, असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. मलोनने ते घेतलं, म्हणून आज ते फ्लॅश आपल्याला बघायला मिळतात.

मधल्या काळात ही कला जवळपास हाकलली गेली होती. नॉरफोकने १९५० मध्ये टॅटूवर बंदी घातली, ती २००६ पर्यंत राहिली. न्यूयॉर्कने कावीळ पसरते या कारणावरून १९६१ मध्ये घातली आणि १९९७ मध्ये उठवली. ज्या शहरात मशीन जन्मलं तिथेच छत्तीस वर्षं ते लपून चालवावं लागलं. आर्ट स्कूलमध्ये छापचित्रकला शिकलेल्या हार्डीसारख्यांनी जुन्या लोकांचे तक्ते, पत्रं, मशीनं जमवली नसती तर यातलं बरंच कचऱ्यात गेलं असतं. ‘अमेरिकन ट्रॅडिशनल’ हे नावही उशिराचं. कोलमनच्या दुकानात गिऱ्हाईक आलं तर ते फक्त टॅटू मागायचं.

आता तुमची कातडी. सावळ्या कातडीत रंगद्रव्य वरच्या थरात असतं आणि शाई त्याच्या खाली, म्हणजे प्रत्येक रंग तपकिरी काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. फिकट पिवळा मळकट होतो, आकाशी जवळजवळ हरवतो. गडद लाल, गडद हिरवा आणि काळा मात्र झकास बसतात. तुमचे मित्र ज्याला रंगवायची वही म्हणतात तीच पद्धत आपल्या वर्णाला बारीक रंगछटांच्या पद्धतीपेक्षा जास्त मानवते. मी तुमच्या भिंगरीची पाठ निळी न करता काळ्याने भरेन, पंखाच्या टोकाला व्हिप शेडिंग, गळ्याला लाल, पोट मोकळं. तुमच्याच कातडीचा रंग तिथे उजेड होईल. कुठल्याही कलाकाराकडे गेलात तरी ताज्या कामाचे फोटो बाजूला ठेवून तीन-चार वर्षं जुन्या, आणि आपल्यासारख्याच वर्णावरच्या कामाचे फोटो मागा. रेघेची जाडी सगळीकडे सारखी आहे का, दोन रेघा जुळतात तिथे गाठ आली आहे का, भरलेल्या रंगात कातडीचे ठिपके राहिले आहेत का, एवढं पाहिलंत तरी पुरे.

आकार तळहातापेक्षा लहान नको. दंडावर पक्ष्याचं तोंड पुढच्या बाजूला, छातीकडे असू द्या, हात खाली सोडला तरी तो पुढेच उडताना दिसतो. पुढे जोडी करायची इच्छा असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दुसऱ्या दंडासाठी तेच स्टेन्सिल उलटं करून ठेवता येईल. आणि जॉइनिंगची तारीख कळली असेल तर तिच्या आधी महिनाभर काम उरकून घ्या. पहिले तीन आठवडे खारं पाणी, इंजिन रूममधलं तेल आणि डेकवरचं ऊन, यातलं काहीही त्या जखमेला लागता कामा नये.